विल्होळीच्या गोडाऊनमध्ये क्रेट उचलायला माणसासारखा रोबो चालेल का?

विल्होळी_स्टोअर

नमस्कार मंडळी. गोडाऊन नाशिकजवळ विल्होळीला, हायवेला लागून. ४५,००० चौरस फूट, पत्र्याची शेड, ट्रायमिक्स (गुळगुळीत काँक्रीटचं) फ्लोअर. अंबड-सातपूरच्या कारखान्यांना जाणारे ऑटो आणि इलेक्ट्रिकलचे सुटे भाग ६०० × ४०० × ३०० मिमीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये फिरतात. पिकिंग झालेली ट्रॉली येते, तीन कप्प्यांची, एका ट्रॉलीवर ९ क्रेट. तिथून माणूस एकेक क्रेट उचलून कन्व्हेअरवर ठेवतो. कन्व्हेअरची उंची ७५० मिमी. दोन शिफ्ट मिळून दिवसाला १,८०० क्रेट. बहुतेक ९ ते १२ किलोचे, पण बेअरिंग आणि ब्रॅकेटचे २२ किलोपर्यंत जातात. दहात एक असा असतो.

मालकांनी दोन पायांवर चालणाऱ्या रोबोंचे व्हिडिओ पाहिलेत आणि हे काम आता त्याच्याकडे द्यायचं म्हणतात. वर, तोच दुपारी ट्रकही खाली करेल अशी अपेक्षा आहे. एका पुरवठादाराचं कोटेशन येऊ घातलंय. त्याआधी मला कळायला हवं की वजन झेपेल का, वेग किती धरायचा आणि जागेत काय काय बदलावं लागेल. 'हेच भविष्य आहे, घेऊन टाका' किंवा 'सगळं थोतांड' अशी उत्तरं नकोत, ती व्हॉट्सॲपवर भरपूर मिळाली.

कन्व्हेअरवाला

भाऊ, तुमचं काम नेमकं तेच आहे जे हे रोबो आज खरोखर करताहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या फ्लॉवरी ब्रँचला जीएक्सओ या लॉजिस्टिक्स कंपनीच्या गोडाऊनमध्ये २०२४ पासून अजिलिटी कंपनीचा डिजिट हेच करतो: चाकांच्या रोबोवर आलेला टोट (तुमच्या क्रेटसारखाच डबा) उचलायचा आणि कन्व्हेअरवर ठेवायचा. ॲमेझॉनने २०२३ मध्ये डिजिटची चाचणी घेतली तीही रिकामे टोट हलवायला. बीएमडब्ल्यूच्या स्पार्टनबर्ग कारखान्यात फिगर कंपनीच्या फिगर ०२ रोबोने पत्र्याचे भाग वेल्डिंगच्या फिक्स्चरमध्ये (भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात) लावले. तिन्हीकडे वस्तू ठरलेली, उचलायची जागा ठरलेली, ठेवायची जागा ठरलेली. यातलं एक सुटलं की व्हिडिओ वेगळा आणि शिफ्ट वेगळी.

आता वजन. डिजिटची मर्यादा १६ किलो. ॲपट्रॉनिकच्या अपोलोची कंपनी २५ किलो सांगते. युनिट्रीचा जी१ हा १६,००० डॉलरला जाहीर झाला म्हणून सगळीकडे दिसतो, पण त्याच्या हाताला दोन-तीन किलोच झेपतात आणि उंची जेमतेम सव्वाचार फूट. कोटेशनमध्ये तो असेल तर पुढचं पान उलटायची गरज नाही.

मर्यादा एवढी कमी का, तर अडचण हातापेक्षा तोलाची आहे. ६५ किलोच्या यंत्राने १६ किलोचा क्रेट शरीरापासून ४५ सेंमी पुढे धरला तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ९ सेंमी पुढे सरकतो (१६ × ४५ भागिले ८१). २२ किलोला तो साडेअकरा सेंमी होतो. घोट्यापासून पायाच्या टोकापर्यंत जागा असते ती एक वीतभर. म्हणजे यंत्राला मागे रेलावं लागतं, आणि रेललेल्या अवस्थेत पाऊल टाकायचं, वळायचं, वाकायचं. सगळ्यात वाईट कप्पा तळाचा. तिथे गुडघे दुमडून, हात लांब करून उचलावं लागतं, म्हणून तळाच्या क्रेटचा वेळ मधल्या कप्प्यापेक्षा बराच जास्त धरा. मर्यादेचा आकडाही शरीराजवळ धरलेल्या वजनाचा आहे की लांब हाताचा, हे लेखी मागा.

तुमचे दहा टक्के जड क्रेट, म्हणजे दिवसाला १८०, डिजिटच्या हिशेबातून बाहेरच गेले. त्यांच्यासाठी माणूस तिथे राहणारच. आणि माणूस राहणार असेल तर उरलेले १,६२० त्यानेच का उचलू नयेत, हा प्रश्न मालकांनी विचारण्याआधी तुम्हीच विचारून ठेवा.

वेगाचं गणित उघड करतो, आकडे तुमचे घाला. एका क्रेटला ३० सेकंद धरले (वळणं, दोन पावलं, ठेवणं, परत येणं) तर तासाला १२०. १,६२० क्रेटला साडेतेरा तास निव्वळ चालणं. चार्जिंग, अडकणं आणि ट्रॉलीची वाट पाहणं मिळून उपलब्धता ७५ टक्के धरली की १८ तास. तुमच्या दोन शिफ्ट १६ तासांच्या. माणूस १० सेकंदांत एक ठेवतो. विश्रांती धरून तासाला २४० म्हटले तरी १,८०० क्रेट साडेसात तासांत संपतात. एका यंत्राची तुलना दोन शिफ्टच्या दोन माणसांशी करू नका, एका माणसाच्या एका शिफ्टशी करा.

सातपूर_सेफ्टी

लाल बटणाबद्दल अजून कोणी बोललं नाही. फ्लोअरला बोल्ट केलेल्या रोबोचं इमर्जन्सी स्टॉप दाबलं की वीज तुटते, ब्रेक लागतात, हात आहे तिथे थिजतो. दोन पायांवर तोल सांभाळणाऱ्या यंत्राची वीज तोडली तर ते थिजत नाही, कोसळतं. हातात क्रेट असेल तर क्रेटसकट. त्यामुळे यांच्यात 'थांब' म्हणजे आधी क्रेट सांभाळणं, मग गुडघ्यावर बसणं, मग वीज तोडणं. या सगळ्याला वेळ लागतो आणि तुमच्या जागेचा सगळा हिशेब त्या वेळावर उभा आहे.

हिशेब असा. आयएसओ १३८५५ या सुरक्षित अंतराच्या मानकाप्रमाणे माणूस सेकंदाला १,६०० मिमी चालतो असं धरतात. अंतर म्हणजे १,६०० गुणिले थांबायचा वेळ, अधिक वाढीव अंतर. जमिनीपासून २०० मिमीवर बसवलेल्या स्कॅनरला (माणूस जवळ आला की यंत्र थांबवणाऱ्या) हे वाढीव अंतर १,१२० मिमी येतं. साधा रोबो अर्ध्या सेकंदात थांबला तर ८०० अधिक १,१२०, म्हणजे १.९ मीटर. ह्युमनॉइडला (माणसासारख्या रोबोला) सुरक्षित बसायला अडीच सेकंद लागले तर ४,००० अधिक १,१२०, म्हणजे ५.१ मीटर. उघड्या बाजूला पाच मीटरच्या वर जागा मोकळी सोडायची तयारी आहे? विल्होळीत चौरस फुटाचं भाडं काय चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणून उघड्यावर ठेवायचाच नाही. जाळीचं कुंपण, दोन मीटर उंच, आणि दाराला लॉकिंग इंटरलॉक (दार आणि यंत्र एकमेकांना बांधणारं कुलूप). साधा इंटरलॉक पुरत नाही, कारण तो दार उघडल्यावर थांबायला सांगतो. लॉकिंगवाला यंत्र बसून वीज तुटेपर्यंत दार उघडूच देत नाही. कुंपण यंत्रापासून किती लांब, याला उंचीचा नियम लावा: १.७५ मीटरचं यंत्र आडवं पडलं, हात आणि क्रेट पुढे आले, तर २.३५ मीटरपर्यंत पोचतं. अडीच मीटर ठेवा, कमी जागा असेल तर जाळी धडक सोसणारी हवी.

ट्रॉली आत कशी जाणार, ही खरी डोकेदुखी. एकच तोंड ठेवलं तर प्रत्येक ट्रॉलीला यंत्र बसवा, दार उघडा, बदला, बंद करा, उठवा. ९ क्रेटला एकदा, म्हणजे दिवसाला २०० वेळा. दीड मिनिट लागलं तरी पाच तास गेले. वर कन्व्हेअरवाल्यांनी वाया जाणारे म्हणून सोडलेले २५ टक्के इथेच संपले. उपाय म्हणजे दोन खण. डाव्या खणात यंत्र उचलत असताना उजव्यात माणूस भरलेली ट्रॉली लावतो, खण आणि सेल (कुंपणातली यंत्राची जागा) यांच्यामध्ये वरखाली होणारं शटर, दोन्ही बाजू एकदम कधीच उघडी नाही. जमिनीवर ट्रॉलीच्या चाकांसाठी अँगलचे मार्गदर्शक आणि शेवटी स्टॉपर, म्हणजे ट्रॉली दर वेळी त्याच जागी थांबते.

मानकांचं विचाराल तर औद्योगिक रोबोंचं आयएसओ १०२१८ हे २०२५ मध्ये सुधारून आलं, पण त्याची रचना बसवलेल्या यंत्रांभोवती आहे. तोल सांभाळणाऱ्यांसाठी आयएसओ २५७८५-१ चं काम वेगळं सुरू आहे. पुरवठादार 'कोलॅबोरेटिव्ह (माणसाशेजारी काम करणारा) आहे, कुंपण लागत नाही' म्हणाला तर तसं पत्र स्वतःच्या लेटरहेडवर द्या म्हणावं. बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

विल्होळी_स्टोअर

दोन खणांचं डोक्यातच नव्हतं, आभार. अजून थोडी माहिती देतो. क्रेट काळे आहेत, रिसायकल मालाचे, तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे. माप एकच, पण हँडलची खाच वेगळ्या उंचीवर. कन्व्हेअरच्या तोंडाशेजारी शटर आहे, पश्चिमेला. वाय-फायचे चार ॲक्सेस पॉइंट. एप्रिल-मे मध्ये शेड चांगलीच तापते.

कॅमेरा_कॅलिब्रेशन

काळे क्रेट आणि पश्चिमेचं शटर, दोन्ही एकाच ठिकाणी! मुद्दाम शोधून सापडली नसती अशी जोडी.

या यंत्रांचे खोली मोजणारे बरेचसे कॅमेरे इन्फ्रारेड ठिपके टाकून किंवा इन्फ्रारेड प्रकाशाचा परतीचा वेळ मोजून काम करतात. काळं प्लास्टिक इन्फ्रारेड शोषून घेतं. परत येतं ते इतकं कमी की क्रेटच्या जागी भोक दिसतं, किंवा कड दोन सेंमी मागे-पुढे नाचते. चकचकीत काळा असेल तर आणखी वाईट. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक क्रेटच्या समोरच्या बाजूला दोन कोपऱ्यांत ५० मिमीचे मॅट पांढरे स्टिकर, त्यावर छापील मार्कर (कॅमेऱ्याने ओळखायची खूण). मार्कर साध्या रंगीत कॅमेऱ्याला दिसतो, खोलीवर अवलंबून राहावं लागत नाही. क्रेट धुताना स्टिकर निघतात, म्हणून साच्यातच बसवलेलं लेबल किंवा खोलगट जागेत चिकटवलेलं घ्या.

शटरचं दुखणं संध्याकाळी पाचनंतरचं. सूर्य तिरपा आत आला की त्यातलं इन्फ्रारेड कॅमेऱ्याचे ठिपके पुसून टाकतं. सकाळी अकराला घेतलेल्या डेमोत हे कधीच दिसणार नाही. पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा पुरत नाही, तो पारदर्शक असतो. अपारदर्शक पार्टिशन लावा किंवा सेल फिरवून यंत्राची पाठ शटरकडे करा. आणि ट्रॉलीवर स्ट्रेच फिल्मचा तुकडा लोंबत राहिला तर चमकेमुळे तोच कॅमेरा हवेत भिंत बघतो. फिल्म ट्रॉली लावण्याआधी पूर्ण काढायची, हा नियम कागदावर नको, ट्रॉली लावणाऱ्याच्या हातात कटर हवा.

हँडलची खाच वेगळ्या उंचीवर असेल तर खाचेत बोटं घालणारी पकड विसरा. दोन्ही तळव्यांनी बाजूने दाबून धरणारी पकड घ्या, रबरी पॅडवाली. तिचा शत्रू धूळ. पॅडवर धुळीचा थर बसला की १२ किलोचा क्रेटही सुळकन निसटतो. शिफ्टला दोनदा ओल्या फडक्याने पॅड पुसणं, आणि झीज मोजायला पॅडची जाडी दर सोमवारी व्हर्निअरने. जास्त भरलेल्या क्रेटच्या भिंती बाहेर फुगतात, तेव्हा पॅड सपाट न टेकता मध्येच टेकतो आणि क्रेट फिरतो. रिकामे क्रेट एकात एक घातलेले असतील तर मध्ये हवा शिरत नाही, वरचा उचलला की खालचा सोबत येतो. माणूस नकळत झटका देतो. यंत्राला तो झटका शिकवावा लागतो, नाहीतर रिकामे क्रेट उलटसुलट रचायचे.

हाताच्या पुढच्या भागाची काळजी वेगळी घ्या. फिगरने बीएमडब्ल्यूमधल्या कामानंतर स्वतःच सांगितलं की सर्वाधिक बिघाड पुढच्या हातात आले. छोट्या जागेत मोटरी, वायरी, उष्णता, आणि मनगट सतत फिरतं. अख्खा पुढचा हात एक सुटा भाग म्हणून जागेवर किती वेळात बदलता येतो, आणि तो नाशिकला ठेवणार की परदेशातून मागवणार, हे विचारा.

उन्हाळा. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची सर्वसाधारण मर्यादा ४५ अंश. बाहेर ४० असताना पत्र्याखाली यंत्राच्या आसपास काय असेल ते थर्मामीटर लावून पाहा, अंदाज नको. बॅटरी काम करून आलेली, म्हणजे आधीच गरम. ती थंड होईपर्यंत चार्जर सुरूच होत नाही आणि यंत्र उभं राहतं. अदलाबदलीच्या बॅटऱ्या असतील तर चार्जर ऑफिसच्या बाजूच्या बंदिस्त खोलीत ठेवा, खोक्यांपासून लांब. अपोलोची एक बॅटरी चार तासांची सांगतात, यूबीटेकचा वॉकर एस२ स्वतःच सुमारे तीन मिनिटांत बॅटरी बदलतो. चार्जर फक्त जमिनीवरच्या डॉकचा असेल तर तो डॉक कुठे, याचा विचार पहिल्या दिवशीच करा.

वाय-फायबद्दल एकच प्रश्न विचारा: जोडणी दहा सेकंद तुटली तर यंत्र काय करतं? हातातला क्रेट ठेवून उभं राहतं की मध्येच गोठतं? तोल आणि चालणं यंत्राच्या आतच चालतं, पण काम सांगणारा सर्व्हर बाहेर असतो. लोखंडी रॅकमधून एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना अडखळतं ते इथेच. सेलच्या डोक्यावर एक स्वतंत्र ५ गिगाहर्ट्झचा पॉइंट लावला की निम्मा त्रास जातो.

फ्लोअरचा जॉइंट राहिला. ट्रायमिक्सच्या कापलेल्या जॉइंटच्या कडा फोर्कलिफ्टने तुटलेल्या असतात. सेलमध्ये जॉइंट येत असेल तर कडा कापून अर्धकठीण इपॉक्सीने भरून समपातळी करा. चाकांना ठेच लागली तर ट्रॉली हलते, पायाला लागली तर यंत्र पडतं.

पंचवटी_ट्रान्सपोर्ट

ट्रक खाली करायचं स्वप्न मालकांनी सोडावं. खोकी वेगवेगळ्या मापाची, ट्रकमध्ये दाबून भरलेली, वरची ओळ सात-आठ फुटांवर, खाली डॉक लेव्हलरचा (डॉक आणि ट्रक जोडणाऱ्या पाटीचा) चढ आणि ट्रक स्वतः स्प्रिंगवर हलणारा. बाहेरच्या देशांतही हे काम ह्युमनॉइडकडे नाही. बोस्टन डायनॅमिक्सचा स्ट्रेच ते करतो. तो चाकांच्या जड पायावर बसलेला एक हात आहे, टोकाला सक्शन, २३ किलोपर्यंतची खोकी. पाय नाहीतच. आपल्याकडे पोत्याचं तर बोलूच नका. कांद्याच्या गोणीला ना कड, ना तळ, उचलली की आकार बदलते. सक्शन धरत नाही, तळवे दाबले की माल दबतो.

दुसरं, तुमच्या डॉकवर माथाडी मंडळात नोंदलेली टोळी असेल तर १९६९ चा माथाडी कायदा आणि मंडळाशी झालेली व्यवस्था आधी बघा. टोळीचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं (ट्रक ते डॉक, की ट्रक ते रॅक) हे कागदावर असतं. कन्व्हेअरवरचं काम त्यात येत नसेल तर रोबोचा वाद तिथे नाही. येत असेल तर यंत्र उतरवण्याआधी मुकादमाला बोलवून बोला, उतरवल्यावर नाही.

प्रोजेक्ट_सिन्नर

कोटेशन येतंय तर त्यात काय शोधायचं ते सांगतो.

विकत की भाड्याने? फ्लॉवरी ब्रँचचा करार भाड्याच्या पद्धतीचा आहे, यंत्र कंपनीचं, गोडाऊनवाला सेवेचे पैसे देतो. तुम्हीही तेच मागा. पण पैसे 'चालू तासाला' देऊ नका. अडकून उभं असलेलं यंत्रही चालूच असतं. कन्व्हेअरवर नीट बसलेल्या क्रेटमागे दर ठरवा आणि मोजणी तुमच्या कन्व्हेअरच्या सेन्सरवरून करा, त्यांच्या स्क्रीनवरून नको.

चाचणी पाच दिवस, तुमच्याच क्रेटवर, तुमच्याच शिफ्टमध्ये, संध्याकाळची शिफ्ट धरून. कॅमेऱ्याचं वर सांगितलंय ते तेव्हाच कळेल. तीन गोष्टी वेगळ्या मोजा: क्रेट नीट ठेवला, माणसाला आत जावं लागलं, क्रेट पडला. टक्केवारीने फसू नका. ९९ टक्के ऐकायला छान, पण १,६२० क्रेटला रोज १६ वेळा माणूस आत. दर वेळी यंत्र बसवणं, दार, क्रेट सरळ करणं, परत उठवणं मिळून चार मिनिटं धरली तर तासाभराच्या वर. ९९.८ टक्क्यांना तेच दिवसाला तीन-चार वेळा. करारात हा आकडा लिहा, आणि लांबून कंपनीच्या माणसाने जॉयस्टिकने सोडवलेली अडचणही 'मदत' म्हणूनच मोजा. ती लपवतात.

आयात असेल तर किमतीवर आयात शुल्क आणि १८ टक्के आयजीएसटी. बॅटरीला बीआयएस नोंदणी आहे का, यंत्रातल्या वाय-फायला दूरसंचार विभागाची मंजुरी आहे का, हे कागद पुरवठादारानेच द्यायचे. आणि बिघडलेली बॅटरी परत पाठवायची झाली तर ती धोकादायक माल म्हणून जाते. कुरिअरवाला हातही लावत नाही. परतीचा खर्च कोणाचा, हे एका ओळीत लिहून घ्या.

विल्होळी_स्टोअर

एवढं सगळं केलं (स्टिकर, दोन खण, ठरलेली ट्रॉली, जड क्रेट वेगळे) तर यंत्र चालेल असं दिसतंय. बरोबर समजतोय ना?

कन्व्हेअरवाला

चालेल. पण तुम्ही जे केलं त्याची यादी परत वाचा. क्रेट एकसारखे, ट्रॉली दर वेळी त्याच जागी, जड माल वेगळा. एवढं झाल्यावर उचलायची गरजच उरते का?

पर्याय असा. ट्रॉलीचे तिन्ही कप्पे रोलरचे करा, कन्व्हेअरकडे किंचित उतरते, पुढे पायाने दाबायचा स्टॉपर. ट्रॉली त्याच खणात, खाली सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या पायांवर वरखाली होणारा मंच). लिफ्ट एकेक कप्पा ७५० मिमीच्या उंचीला आणते, स्टॉपर सोडला की तीन क्रेट घरंगळत कन्व्हेअरवर. २२ किलोचाही जातो, वेगळा काढायचं कारण नाही. रोलरचं अंतर १०० मिमी ठेवा म्हणजे क्रेट कसाही आला तरी खाली किमान तीन रोलर राहतात. उतार ३ ते ४ टक्के. तुमच्या क्रेटचा तळ जाळीचा असेल तर तो अडकतो, सपाट पट्टीवाला तळ हवा. फसतं ते एकाच ठिकाणी: ९ किलोला जो उतार पुरतो त्यावर २२ किलोचा धावत सुटतो आणि पुढच्याला ठोकतो. म्हणून शेवटचे दोन रोलर ब्रेकवाले घ्या. सिझर लिफ्टच्या खाली पाय जाऊ नये म्हणून चारही बाजूंना घडीची झालर आणि कडेला सेफ्टी पट्टी, नाहीतर वरचे सातपूरवाले मला सोडणार नाहीत.

मालकांना रोबोच हवा असेल तर तो या खणासमोर नंतरही उभा करता येईल, मापं तीच राहतील. आधी एक ट्रॉली अशी करून घ्या. तीन कारखान्यांच्या क्रेटचे तळ कसे आहेत, त्याचे फोटो इथे टाकाल का? त्यावरून रोलरचा व्यास सांगतो.